जोधपूरला न्यायचं पाणी

आज दिवाळीचा झेंडू तोडला. हात धुतले तरी वास जात नाही, आणि त्या वासानं माझी बायको मालती आठवली.

मागं एका दिवाळीला फुलं विकून झाली की आम्ही दोघं जोधपूरचा किल्ला बघायला निघणार होतो. तिथून पुढं वाळवंट आहे, हे ऐकून तिनं आपल्या विहिरीच्या पाण्याचे मोठे कॅन भरायला घेतले. झेंडू तोडून पिवळे झालेले तिचे हात.

"अगं, तिथली माणसं काय वाळू पितात?"

"त्यांना सवय हाय. तुमचं पोट बिघडलं, तर किल्ला काय मी एकटीनं बघू?"

मी लय हसलो. त्याच आठवड्यात ती तापानं गेली.

लेक म्हणते, "दादा, आता तरी किल्ला बघून या."

कशाला? मला किल्ला बघायचाच नव्हता. तो बघून मालती कशी हरखते, ते बघायचं होतं.