राशीखाली मीठच होतं

माघातल्या दुपारी मिठागरावर उभं राहिलं की प्रकाश वरून येत नाही, खालून येतो. वाफ्यांतलं उथळ पाणी आणि त्याच्या तळाशी नुकतं धरू लागलेलं मीठ यांवरून परतलेलं ऊन हनुवटीखालून चेहऱ्यावर चढतं, आणि माणसाचे डोळे एरवी ज्या सावलीत विसावलेले असतात ती सावलीच पुसून टाकतं. वास असतो तापलेल्या चिखलाचा, शेवाळाचा आणि भाताच्या कोरड्या पेंढ्याचा. धरमतरच्या खाडीकाठी अशाच एका दुपारी मी एका सज्जन माणसाला खुनी केलं.

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. चौलच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या गार अंधारात वाढलेला मी तेव्हा तिशीला टेकलो होतो आणि मुंबईत एका दिग्दर्शकाचा साहाय्यक म्हणून काम करत होतो. आमचा चित्रपट खाडीकाठच्या एका गावातल्या खुनांचा होता. एकामागून एक तीन माणसं नाहीशी होतात आणि त्यांची प्रेतं मिठाच्या राशींखाली दडवली जातात. खुन्याची पाठ दिसते, हात दिसतात, चौकटीचा सदरा दिसतो. चेहरा दिसतो तो अगदी शेवटच्या दृश्यात, आणि तोही क्षणभरच. त्या क्षणासाठी दिग्दर्शकाला कुठल्याच नटाचा चेहरा पसंत पडेना. ज्याच्यावर कुणीही विश्वास ठेवील असा चेहरा त्याला हवा होता. असा चेहरा मी दाखवतो, असं मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, आणि त्याला कॅमेऱ्यासकट हिराजीनानांकडे घेऊन गेलो.

हिराजीनाना पिढीजात मिठागरवाले. माझ्या वडिलांचे स्नेही. आमच्याकडून त्यांच्याकडे नारळ जात, त्यांच्याकडून आमच्याकडे वर्षाचं जाडं मीठ येई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात जोडून नकार दिला. मिठागरात रक्ताचं नावही काढू नये, मीठ धरत नाही, असं त्यांच्या घरात मानत. दिग्दर्शकानं त्यांची मनधरणी केली नाही. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं.

योगायोग असा की त्याच दिवशी हंगामातली पहिली रास ओढली जाणार होती. तिची एक रीत नानांच्या घरात होती, ती मी लहानपणी वडिलांबरोबर आलो असताना पाहिलेली होती. पहिल्या राशीवर हळदकुंकू वाहायचं, घरातल्या वडीलधाऱ्यानं ती पेंढ्यानं स्वतःच्या हातांनी झाकायची, हात जोडायचे, आणि मग खाडीकडे तोंड करून हसायचं. खाडीनं दिलं, तर तिला रडकं तोंड दाखवू नये, एवढाच त्यामागचा भाव. मी नानांना बाजूला घेऊन म्हणालो, "नाना, खुनाचं राहू द्या. तुम्ही आपली पहिल्या राशीची रीत करा. आम्ही ती जपून ठेवू."

नाना खुलले. सदरा बदलून येतो म्हणाले, तर मीच त्यांना थांबवलं. पुढे त्याच चौकटीचा सदरा आम्ही शिवून घेतला आणि दुसऱ्या एका माणसाच्या पाठीवर चढवला. कॅमेरा खाडीच्या बाजूला लावला होता. नानांनी रास झाकली, हात जोडले आणि आपल्या खाडीकडे पाहून ते हसले. ते हसू मी आजही डोळे मिटून पाहू शकतो. त्यात कृतज्ञता होती, थोडा संकोच होता, आणि वर्ष नीट सुरू झाल्याचं समाधान होतं. पडद्यावर मात्र त्याच्या आधी प्रेत दडवणारे हात होते, आणि त्यानंतर लगेच आलेलं तेच हसू पाहून माणसाच्या पाठीतून थंड काहीतरी सरकत जाई.

चित्रपट चित्रगृहांत एक आठवडाही टिकला नाही. पण पुढे तो सीडीच्या चकत्यांवरून आणि नंतर मोबाइलवरून हातोहात पसरला, आणि ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता त्या मुलांनी त्याला डोक्यावर घेतलं. वाळूच्या ढिगाला, पिठाच्या परातीला, दिवाळीतल्या किल्ल्यालासुद्धा हात जोडून हसण्याचे व्हिडिओ निघाले. नानांचं ते हसू सदऱ्यांवर छापलं गेलं. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. आणि मी? मला जिथे जिथे बोलवत तिथे मी सांगत असे की हे हसू काढून घ्यायला मला दोन तास लागले. इतक्या वेळा सांगितलं की ते दोन तास मला खरोखर आठवू लागले होते. नानांच्या गावाकडे मात्र मी फिरकलो नाही. अलिबागला जायचं झालं की बोटीनं मांडव्याला उतरून किहीमवरून जायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं. जणू पेण-पोयनाडचा रस्ता माझ्यासाठी बंदच झाला होता.

यंदा अलिबागच्या काही तरुण मंडळींनी चित्रपटाचा खेळ ठेवला आणि नानांचा सत्कार करायचं ठरवलं. नाना हो म्हणत नव्हते. त्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि या वेळी मला पळायला रस्ता उरला नाही.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. ओट्यावर बसले होते. मला पाहून सुनेला हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, "आयलास चौलकर? खुन्याच्या घरचा चाय पिशील, का भ्या वाटतं?"

सून आत हसली. तो विनोद घरात वापरून वापरून मऊ झालेला होता. लेकीच्या हळदीत व्याह्यांकडच्या मुलांनी कसे हात जोडले, बाजारात लोक फोटो काढायला कसे थांबवतात, हे सगळं ते दुसऱ्याचंच काही सांगावं तसं सांगत गेले. त्याचं काही नाही म्हणाले. पण चित्रपट गावात पोचला त्या वर्षी पहिल्या राशीपाशी त्यांनी हात जोडले, तेव्हा कामावरची पोरं खदखदून हसली होती, आणि एकानं विचारलं होतं, नाना, खाली कोन हाय? तेव्हापासून त्यांनी त्या राशीला हात जोडलेले नाहीत.

"सून बोलते, मनातल्या मनात जोडा," ते म्हणाले. "मनात हात असतात का रं?"

मग, जणू इतकी वर्षं मलाच विचारायचं राहिलं होतं अशा आवाजात म्हणाले, "मना वाटला, माझाच हसना चुकला आसंल."

एका मनुष्यानं आपल्या देवापुढच्या हसण्यात खोट शोधत पंधरा-वीस वर्षं काढली होती, आणि ती खोट कुणाची होती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सांगितलं. ते दृश्य कशासाठी घेतलं जातंय हे मला माहीत होतं, सदरा का बदलू दिला नाही, पुढे त्या दोन तासांची थाप कशी मारत राहिलो, सगळं सांगितलं. नानांनी मला दोष दिला नाही आणि क्षमाही केली नाही. चहा निवून गेला होता. तो तसाच पिऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की ते सत्काराला येणार नाहीत, मीच जावं.

"तिथं सांग लोकांना," ते म्हणाले. "खाली मीठच व्हता म्हन."

खेळ संपल्यावर मी उभा राहिलो. कागदावर काही लिहून नेलं नव्हतं. ती रीत काय होती, तो माणूस कोण होता, मी त्याला काय बोलून फसवलं, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. सभागृह इतकं शांत झालं की मला वाटलं, पोचलं. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. बाहेर पडताना एका मुलीनं अतिशय आदरानं सांगितलं की हे कळल्यावर तर ते दृश्य आणखीच भयंकर वाटतं, आता पुन्हा बघायला हवं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खोटं बोलत नव्हती. माझी कबुली त्या चित्रपटानं गिळून टाकली होती, आणि त्यानं त्याचं अंग आणखी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिठागरावर गेलो. नाना काठी टेकत बांधावर आले होते, कारण त्या दिवशी पहिली रास होती. कामकरी मंडळी पलीकडच्या वाफ्यात होती. लोक हसले का, एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "टाळ्या वाजवल्या."

त्यांनी काठी बांधाच्या चिखलात रोवली.

"मंग कलला नाय त्यांना," ते म्हणाले. "पुन्ना सांग."

म्हणून हे लिहितो आहे. हेही कुणाला चांगलं लिहिलेलं वाटेल, अशी भीती मला आहे. एका वाक्यात बोललेलं खोटं किती वेळा खरं सांगितल्यावर फिटतं, हे मला माहीत नाही. कदाचित ते मोजायचंच नसतं, नुसतं सांगत राहायचं असतं.

त्या सकाळी राशीवर हळदकुंकू वाहून नाना वाकले आणि मुठी-मुठीनं पेंढा पसरू लागले. एकही काडी वाकडी पडत नव्हती. रास झाकून झाली. ते ताठ उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि ते कशाची तरी वाट पाहत होते. मीही वाट पाहत होतो, त्यांच्या हातांकडे पाहत. आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्या दुपारी कॅमेरा जिथे होता, बरोबर तिथेच मी उभा आहे.

मी पाठ फिरवली. समोर बांधातल्या उघाडीच्या दारातून भरतीचं पाणी आत येत होतं, आणि पलीकडे तिवरांच्या झाडीवर सकाळचं ऊन पडलं होतं. मागे पेंढ्याची सळसळ थांबलेली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मी वळून पाहिलं नाही.