दिनकरने न भरलेलं वजा

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. आधी आठवला त्याचा टोमणा… आणि मग त्याच्यावर मी उगवलेला सूड. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघं दूध थंड करणाऱ्या टाक्यांच्या कंट्रोलरचे प्रोग्रॅम लिहायचो. दिनकर चंदगडचा, माझ्या घरी हक्कानं जेवणारा, हुशार आणि जिभेला हाड नसलेला. एकदा गिऱ्हाइकांसमोर माझं मशीन हँग झालं, तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, “पावणं, मशीनला नावं ठेवू नका. लिवणाऱ्याचं डोस्कं बी असंच मधनंच बंद पडतंय.” मालक हसले. मीही हसलो. पण तो शब्द मी जपून ठेवला.

संधी त्यानंच दिली. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, मगच ते चिपमध्ये जायचं, अशी आमची रीत. त्याचं वाचताना मी एका ओळीवर थांबलो. सेन्सर तापमान एका बाइटमध्ये, म्हणजे आकड्याच्या अगदी छोट्या जागेत, पाठवायचा. तो आकडा मोठ्या जागेत नेताना वजा असेल, तर पुढच्या रिकाम्या जागांतही ते वजापण भरावं लागतं. दिनकरनं तिथं नुसती शून्यं भरली होती. म्हणजे वजा एक अंश आला की यंत्र दोनशे पंचावन्न वाचणार. पण कोल्हापुरात टेबलावर तपासताना वजा येतंय कुठलं?

“अव्या, बघितलंस न्हवं नीट?” त्यानं विचारलं.

“बघितलं. एक नंबर.”

हिवाळ्यात हातकणंगल्याकडच्या एका संकलन केंद्रात ते घडलं. टाकीत दूध थोडंच होतं. कॉम्प्रेसर वेळेवर बंद झाला, पण उरलेल्या थंडीनं तापमान उतरत वजा एकवर गेलं. दूध भयंकर तापलंय असं समजून यंत्रानं कॉम्प्रेसर पुन्हा चालू केला आणि दूध गोठवतच राहिलं. सकाळी टाकीत दगड. केंद्राची माणसं येऊन शिव्या घालत होती, दिनकर मान खाली घालून “माझी चूक हाय” एवढंच म्हणत होता, आणि मी कोपऱ्यात चहा पीत होतो… खोटं कशाला लिहू, तो चहा गोड लागला.

त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्याचाही मला रागच आला. नोकरी सोडून तो गावी काजूच्या धंद्यात पडला, पुन्हा कीबोर्डला हात लावला नाही. पुढं एकदा एसटी स्टँडवर भेटला, पाठीत थाप घालून म्हणाला, “लई दिवस जीव खाल्ला बघ त्या ओळीनं. मग म्हटलं, अव्यालाबी दिसलं न्हाय, म्हंजे कुणालाच दिसलं नसतं. दिसलं असतं तर बोलला असतास की!”

“व्हय की,” मी म्हणालो.

त्या समजुतीवरच तो गेला. त्याच्या दिवसांना वहिनींनी वाढता वाढता विचारलं, “भावजी, एवढा हुशार माणूस, चुकला कसा ओ?” मी आणखी भात मागितला.

त्या टोमण्याचा राग अजून गेलेला नाही, हेही खरंच. पण वहिनींच्या समोर बसून, मला ती चूक दिसली होती, हे सांगण्याचं देणं मी लागतो. इथं छापून आलं म्हणून ते फिटत नाही.