सावली पडली तुमची

"सावली पडली तुमची, सरका जरा."

हे वाक्य बाईंच्या जिभेवर इतकं बसलं होतं की सांगलीच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासतानाही मान वर न करता त्या तेच म्हणत, आणि आम्ही मुकाट्याने बाजूला होत असू. तुमच्याही ओळखीत असं एखादं हट्टी माणूस असेलच. चिडावं तरी पंचाईत, न चिडावं तरी पंचाईत.

बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी वाणिज्य. फुलं-माश्यांशी माझा संबंध बाजारात गुळाच्या ढेपेवर बसणाऱ्या मधमाशीपुरता. पण माझ्याकडे गाडी होती. त्यामुळे दर भाद्रपदात बाईंना साताऱ्याच्या पठारावर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. उंब्रजला चहासाठी थांबलो तरी त्यांचा जीव वर लागलेला. "चहा काय पळून जातोय? ऊन जाईल!" म्हणून अर्धा कप ठेवून उठायच्या. उरलेला मी प्यायचो.

पठारावर कातळातल्या डबक्यांत वायतुरा फुलतो. पाण्यातून वर आलेला, दोन फाटे फुटलेला जांभळट तुरा. या डोंगरांबाहेर तो फारसा कुठं उगवत नाही. खालच्या डबक्यात तो भरपूर होता, वरच्या डबक्यात मात्र जेमतेम एखादं झाड उरलेलं. खालचा पराग घेऊन एखादी रानमाशी वर गेली तरच तिथं बी धरेल, असं बाईंचं म्हणणं. खाली माशा यायच्या. एखादी उतरली की बाई माझा दंड धरून कुजबुजायच्या, "आली बघा पाहुणी." वर मात्र कधी कोणी गेलं नाही. मधे नवा रस्ता झाला होता, त्यावर गाड्यांची रांग. तुऱ्यावर सावली पडली तर माशी उतरायची नाही, म्हणून बाई छत्री मिटून कातळावर बसायच्या, भाजून निघायच्या आणि संध्याकाळी रिकाम्या चेहऱ्याने गाडीत येऊन बसायच्या.

तिथं म्हशी राखणारे एक धनगर मामा होते. म्हशी डबक्यात उतरू नयेत म्हणून त्यांनी बाईंसाठी कडेनं दगड रचले होते. आम्ही नसू तेव्हा वरच्या डबक्यावर नजर ठेवायची कामगिरीही त्यांचीच.

मग बाईंच्या पोटात गाठ निघाली. त्या भाद्रपदात त्यांना पलंगावरून उठणंही जमेना. मी मामांना फोन करून तेवढं कळवलं.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे बसलो होतो. दारात मामा उभे. धोतर, घोंगडी आणि हातात पाण्यानं भरलेली दुधाची किटली. एसटीत ती हिंदकळू नये म्हणून साताऱ्यापासून मांडीवर धरून आणलेली.

"आवं बाई, वरच्या डबक्यावं माशी आलीवती! म्या सोता बगितली. खालनं उडाली, रस्ता वलांडला आन् थेट तुऱ्यावं बसली." मामांचा चेहरा फुलला होता. "म्हनलं, बाईंस्नी वर यायला जमंना, तर फूलच न्यावं त्यांच्याकडं."

त्यांनी झाकण काढलं. आत वायतुरा, देठापासून खुडलेला.

आमच्याकडे आजारी माणसाला कोणी रिकाम्या हाताने भेटायला जात नाही. गौरीला रानातली फुलं आणावीत, तितक्याच मायेनं मामांनी तो आणला होता. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती माशी आली, आणि जिथं बी धरायचं तो तुराच आता किटलीत होता. माझं डोकं तडकलं. मी उठलो, बोलायला तोंड उघडलं.

"सावली पडली तुमची," बाई मला म्हणाल्या. "सरका जरा. मला नीट बघू द्या."

मी सरकलो. त्यांनी तुऱ्याला हात लावला नाही, फक्त पाहत राहिल्या. "लई छान आणलंत मामा," त्या म्हणाल्या. आयुष्यभर शुद्ध बोलणाऱ्या बाई. मग त्यांनी मामांना जेवूनच जायचा आग्रह केला. मामा गेल्यावर मला खिडकी उघडायला लावली आणि किटली कठड्यावर ठेवून घेतली. "डबक्यात कंद आहे ना पाण्याखाली? येईल पुन्हा. त्यांना काही बोलायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी खिडकीपाशी उभा राहून उगाच रस्त्याकडे पाहू लागलो.

दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

यंदा भाद्रपदात मी एकटाच गेलो. उंब्रजचा चहा पूर्ण प्यायलो, तो काही गोड लागला नाही. वरच्या डबक्यात एक तुरा आला होता. मामा कडेला वाट पाहत उभे.

"साहेब, ह्यो न्या की सांगलीला. बाईंच्या फोटोला घाला. त्यास्नी लय आवडलावता."

मामा वाकले, त्यांचा हात पाण्याकडे गेला.

"मामा," मी म्हणालो, "सावली पडली तुमची. सरका जरा."

ते ओशाळून मागे झाले. मीही झालो. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं कातळावर बसून राहिलो. माशी आली नाही.