पवनेचं पाणी पूर्वेला जातं

आमची नारळी पौर्णिमा कासारवाडीत व्हायची. वस्ती संपते तिथे पवनेच्या काठाला चार पायऱ्या आहेत, तिथे. बाबा चाकणच्या कंपनीत होते. श्रावणात रजा मिळणं अवघड, आणि गाव घाट उतरून पार कोकणात, समुद्राला लागून. म्हणून बाबा नारळाला सोनेरी कागद लावून नदीत सोडायचे. धरणातून पाणी सोडलेलं असायचं, जलपर्णी वाहून गेलेली असायची. नारळ गढूळ पाण्यात एकदा बुडायचा, वर यायचा आणि पुलाकडे निघायचा. तो दिसेनासा झाला की बाबा हात जोडून म्हणायचे, "पोचतो. इथून टाकला काय नि तिथून टाकला काय." गावाला काकांची होडी त्यानंतरच पाण्यात उतरायची.

बाबा निवृत्त झाल्यावर काकांचे फोन वाढले. आता या, घर तुमचंही आहे. बाबांना जावंसं वाटतंय हे मला दिसायचं, पण ते दर वेळी तेच पुढे करायचे. नारळ इथून पोचतोय ना, मग घाई काय? मी काही म्हणत नसे. आईबाबा गेले तर त्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरणार होते, आणि 'जाऊ नका' एवढं मला म्हणता येत नव्हतं. माझी शाळा सगळी इंग्रजीत झाली. मनातली बरीच वाक्यं त्याच भाषेत तयार होतात, आणि मराठीत येईपर्यंत त्यांची वेळ निघून गेलेली असते.

वाकडला एका कंपनीत मी नकाशांचं काम करते. उपग्रहाच्या चित्रांवरून किनाऱ्याची रेषा काढायची, एक जुन्या वर्षाची, एक आताची. दिवसभर मी समुद्राच्या कडेकडेने फिरते आणि कुणाशी बोलत नाही. किनारा एका जागी नसतोच, हे मला तिथे बसून कळलं. खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा दर वर्षी कूस बदलतो. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतात. एका गावाने दगडांचा बंधारा घातला की मारा शेजारच्या गावावर. जिथे कांदळवन शाबूत आहे, तिथे दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. आणि गावांचे आकार! एका रस्त्याच्या कडेने लांबच लांब घरं, प्रत्येकाचं तोंड रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे, मागे माडांची वाडी. हे कुणी आखलेलं नाही. वाऱ्याने आणि खाऱ्या पाण्याने ठरवलेलं.

कोकणचा तो भाग कामासाठी माझ्याकडे आला, तेव्हा त्यात आमचं गावही आलं. आमच्या वाडीत नवी रेषा शिरली होती.

त्या दिवशी जेवताना मला तेच सांगायचं होतं. धीर झाला नाही. मग काहीतरी बोलावं म्हणून नकाशावर पाहिलेली दुसरी, साधी गोष्ट सांगितली.

"बाबा, पवनेचं पाणी आपल्या समुद्रात जातच नाही. मुळा, भीमा, कृष्णा करत पार आंध्रात जातं. बंगालच्या उपसागरात."

आई भात वाढता वाढता थांबली. "म्हणजे इतकी वर्षं आपले नारळ भलत्याच लोकांच्या दारात?"

"तिथवर कसले जातायत. उजनी धरणात अडकले असतील."

"अगो बाई! अहो, ऐकलंत का? भावाची होडी सांभाळ म्हणून तुम्ही आंध्रातल्या दर्याला सांगत होतात!"

आम्ही दोघी हसलो. माझ्या बोलण्यावर घरात कुणी हसलं की मला फार बरं वाटतं. बाबा हसले नाहीत. त्यांनी सावकाश भात कालवला.

"सोलापूरकडे जातं हे ठाऊक होतं गो. पुढचा विचारच नाही केला." मग आईकडे बघून म्हणाले, "या वर्षी जाऊन यायला हवं."

त्यांना इथे धरून ठेवणारं एकच वाक्य होतं, तेच मी काढून घेतलं होतं.

दोघं आठ दिवसांसाठी म्हणून गेले. मग गणपती आले. मग काकांना जाळी ओढायला माणूस हवा होता. इकडे घरात स्टेशनवरच्या घोषणा स्पष्ट ऐकू यायला लागल्या. शनिवार-रविवार कुणाशी बोलणं झालं नाही की सोमवारी कंपनीत माझा पहिला शब्द घोगरा येई.

दिवाळीनंतर मी फोनवर रेषेचं सांगून टाकलं. मनात होतं, घाबरून परत येतील.

"बाबा, समुद्र वाडीत शिरलाय. नकाशावर दिसतं."

"अगो, इथनं पण दिसतं. तीन माड गेले."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून तर स्वयंपाकघर मागनं पुढे आणतोय, रस्त्याच्या अंगाला. आमच्या आज्याची विहीर आता पुळणीवर आहे, वाळूत. तेव्हाही घर सरकलं होतं. समुद्र पुढे आला की माणूस सरकतो. उठून चाकणला थोडाच जातो?"

"तुम्ही गेलात की."

"गेलो खरा," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

"हे बघ," आई म्हणाली, "पुढची पडवी बंद करून तुझ्यासाठी खोली काढायची म्हणतायत बाबा. सुट्टीला आलीस की तुझी तुला. काढायची ना?"

सुट्टीला. म्हणजे ते आता येणार नव्हते.

"तू गप्प झालीस की हो की नाही, मला कळत नाही गो."

"आई, मला इथे एकटीला करमत नाही."

"मग सांगायचंस की," आई हळूच म्हणाली. "आम्हाला वाटायचं, तुला एकटीलाच बरं वाटतं. घरात असलीस की दार लावूनच बसायचीस. तिचं तिला मोकळं राहू दे, म्हणून तर आम्ही इथे थांबलो."

'परत या' म्हणायला आता उशीर झाला होता. तिकडे स्वयंपाकघराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या.

"काढा खोली," मी म्हटलं. "फक्त दाराला कडी बसवू नका."

"कडी नको? वाऱ्याने आपटेल गो."

"आपटू दे."