रोज नुसती चालू केलेली गाडी

ये, अशी जवळ बस. मावशीच्या दारातूनच परत पळतीस, काय म्हणावं तुला? ऐक. तुझे काका गेल्यापासून त्यांची गाडी मी रोज सकाळी चालू करायची आणि लगेच बंद करायची, देवापुढं दिवा लावून उठावं तशी. मला चालवता कुठं येते!

थंडी पडली आणि किल्ली फिरवली की डॅशबोर्डच्या आतून टकटक टकटक आवाज यायला लागला. मला वाटलं, आत उंदीर शिरला. गाडी काही चालू होईना. मंद्रूपहून दीर आले. कान लावून हसले.

"वहिनी, आत उंदीर न्हाय. बॅटरी उतरलीय. चालू केली की बंद, मग ती भरणार कवा? त्यात ही थंडी. गाडी चालवा, न्हायतर विका की."

मी "बरं" म्हणाले आणि चहा ठेवला. रडू आलं नाही. हल्ली येतच नाही. चहात साखर घातली का, तेवढं आठवेना.

त्यांनी बॅटरी चार्ज करून आणली, आवाज थांबला. पण विकायला हात धजत नाही, गं. तुला गाडी येते की. येत्या रविवारी ये, मला शेजारी बसवून मंद्रूपपर्यंत ने.