रविवारची चूल

किस्से साठतात ते ऐकायला कोणी नसलं की. पनवेलच्या सुकापूरला होते तेव्हा माझ्याकडे एकही शिल्लक राहत नसे. संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी बाकावर बसलं की दिवसभराचं सगळं तिथेच संपायचं. मी सांगायचे, शेजारची रिबेका त्यात मीठमिरची घालायची, आणि दिवे लागले की आम्ही रिकाम्या होऊन वर जायचो. इथे डोंगराखाली बाक नाही आणि रिबेकाही नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून एकात एक घालून ठेवतो ना, तसे किस्से एकात एक बसत चाललेत. मला अक्षर येत नाही. नात म्हणाली, आजी, फोनसमोर बोल, तो लिहून घेतो. म्हटलं, घेऊ दे. निदान मध्येच उठून तरी जाणार नाही.

*

आधी आम्ही इथे आलो कसे, ते सांगते.

माझा मुलगा विजय. कंपनीने लवकर रिटायर हो म्हटलं, हा झाला. मग दिवसभर मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ. एकदा जेवताना म्हणाला, पनवेलपासून आत डोंगराच्या पायथ्याशी प्लॉट घेतलाय, घर बांधू, भाजी पिकवू. सून मेघाने हातातला घास ताटात ठेवला. ती काही बोलायच्या आत हा म्हणाला, "आईसाठी गं. आईचा जन्म खेड्यातला. तिला माती हवी."

मी माती कधी मागितली? मी मागितला होता गुडघ्याचा पट्टा.

खेड्यातून लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा घरातला नळ सोडून मी नुसती बघत उभी राहिले होते. सासू म्हणाली, अगं बंद कर, पाणी चाललंय. त्या नळाच्या गावातून मला आता परत विहिरीच्या गावात आणलं, आणि तेही माझ्याच नावाने.

सुकापूरचा फ्लॅट मात्र विकला नाही, भाड्याने दिला. विजय म्हणाला, "भाडेकराराची मुदत संपेपर्यंत बघू. आई, तू नाही रमलीस तर तुझ्या एका शब्दावर परत जाऊ."

एक शब्द. तो मी तेव्हापासून तोंडात धरून आहे.

*

इथली शेजारीण हिराबाई. पहिल्याच दिवशी कुंपणाशी आली. घर बघितलं, गाडी बघितली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "आमची पोरं तिकडं गेली, आन् तुमी इकडं आलाव. तुमाला तिकडं कुनी त्रास दिला काय?"

म्हटलं, नाही हो, हवेसाठी आलो.

"हवा तं आमच्याकडं पन हाय," म्हणाली. "म्हनून कुनी थांबला नाय."

ज्याने आम्हाला प्लॉट विकला तो हिच्याच भावकीतला. तो आता सुकापूरला राहतो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

*

आता चुलीचं.

माझं लहानपण चुलीपुढे खोकण्यात गेलं. पनवेलला गॅस आला त्या दिवशी मी शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं. इथेही आत गॅस आहे. पण विजयने अंगणात मातीची चूल घालून घेतली. म्हटलं, कशाला? तर म्हणाला, पाहुण्यांना आवडतं.

दर रविवारी याचे जुने मित्र बायकामुलांना घेऊन येतात. मला सांगितलंय, नऊवारी नेस. मी जन्मभर पाचवारी नेसले! पण नेसते, चुलीपुढे बसते, भाकऱ्या थापते. डोळ्यांतून पाणी येतं, आणि तेवढ्यात हमखास एखादी बाई मोबाईल काढून म्हणते, "आजी, इकडे बघा ना, किती सुंदर दिसताय."

पाहुणे गेले की मी आत येते, गॅसवर चहा ठेवते आणि त्या निळ्या जाळाकडे बघत बसते.

*

भाजीचं तर सांगायलाच नको.

विजयने वांगी लावली, गवार लावली, मुळे लावले. रोज सकाळी जाऊन त्यांच्याशी बोलायचा. माझ्याशी बोलला नसेल इतकं. पाहुण्यांना फोनवर सांगून ठेवलेलं, या, आपल्या शेतातली भाजी खाऊ घालतो. आणि ते यायच्या आदल्याच दिवशी डोंगरावरची माकडं उतरली. वांगं ठेवलं नाही, पान ठेवलं नाही. विजय बांधावर खाली बसला, लहानपणी पतंग कटल्यावर बसायचा तसा.

रविवारी उजाडताच गाडी काढून पनवेलच्या मार्केटात गेला, पिशव्या भरून भाजी आणली. पण बाजारातले मुळे धुतलेले, पांढरे शुभ्र. शेतातले म्हणून कसे दाखवणार? बादलीत माती कालवली आणि म्हणाला, "आई, जरा हात लाव ना."

मायलेक बसलो मुळ्यांना माती फासत.

पाहुण्यांनी खाल्ले आणि म्हणाले, वा, ही चवच वेगळी! जाताना प्रत्येकाला एकेक पिशवी दिली. ते विजयच्या इतकं अंगवळणी पडलं की मागून दोनदा लावलेली भाजीही माकडांनी नेली, तरी पिशव्या थांबल्या नाहीत. रिबेका एकदा आली होती, तिलाही पिशवी मिळाली. तिने आत डोकावून बघितलं, विजयकडे बघितलं आणि म्हणाली, "गवार छान आहे रे. आमच्या गेटवर गाडीवाला येतो ना, अगदी त्याच्याकडच्यासारखी."

विजय हसला. मग बराच वेळ दिसलाच नाही.

*

मेघाची नोकरी चालू आहे. घरून काम करायचं असं ठरलं होतं, पण रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीशेजारी. तिथे छत्री लावून लॅपटॉप घेऊन बसायची. एकदा मीटिंग चालू असताना मागे हिराबाईची म्हैस येऊन उभी राहिली आणि रेकली. साहेब म्हणाले, मेघा, तुझ्या टीमचं कोणी बोलतंय का? सगळे हसले. मेघाही हसली. मग लॅपटॉप मिटून तिथेच बसून राहिली. मी जेवायला हाक मारली तेव्हा डोळे पुसून आली.

पुढच्या महिन्यात ती नातीला घेऊन पनवेलला आपल्या आईकडे राहायला गेली. सईच्या कॉलेजसाठी, असं सांगायचं ठरलं. आता दोघी रविवारी येतात. येताना मार्केटातली भाजी मेघाच घेऊन येते, विजयची खेप वाचते.

एकदा संध्याकाळी पाहुणे निघाले. विजय फाटकाशी उभा राहून एकेकाला पिशवी देत होता, परत या म्हणत होता. शेवटी मेघा आली. त्याने तिच्याही हातात पिशवी दिली आणि म्हणाला, "परत या हं."

तिने सकाळी स्वतःच आणलेली भाजी. तीच घेऊन गेली.

*

मध्यंतरी डोळे दाखवायला मला पनवेलला नेलं. डॉक्टरकडून निघताना विजयला म्हटलं, सुकापूरवरून चल, तासभर बाकावर बसते. पायात जोर आला होता बघा. गेटातून लांबूनच हसण्याचा आवाज आला. रिबेका पोट धरून हसत होती, आणि माझ्या जागेवर बसून एक बाई हातवारे करकरून काहीतरी सांगत होती. मी जवळ गेले तशी ती थांबली, सरकली आणि अगदी अदबीने म्हणाली, "बसा ना. कोणाकडे आलात?"

आमच्या भाडेकरूची आई.

रिबेका घाईघाईने म्हणाली, "अगं, ह्या तुमच्याच घरातल्या. म्हणजे आधीच्या." मग मला म्हणाली, इस्रायलला गेलेली माझी मुलं मला तिकडे चल म्हणतात, मी जात नाही, पण तुझ्या घरी यायला आवडेल बाई, काय ती हवा, काय ती चूल.

मी बसले. त्या बाईने किस्सा पुढे चालू केला. चांगला सांगत होती. मला हसू आलं, ह्याचंच वाईट वाटलं.

*

गेल्या रविवारचं सांगते आणि थांबते.

सकाळी मी नऊवारी नेसून चुलीशी बसले होते. विजय आला. ऑफिसचा जुना शर्ट अंगात, इस्त्री केलेला. इथे आल्यापासून तो कपाटातून निघाला नव्हता. वाळून गेलाय पोरगा, कॉलर गळ्याभोवती फिरत होती. तेवढ्यात फोन वाजला. भाडेकरू होता. मुदत संपत आली, करार पुढे करायचा की घर रिकामं करू, आज सांगा, म्हणत होता.

विजयने फोनवर हात ठेवला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आई," म्हणाला, "नाही ना रमत तुला इथे? खरं सांग. तू म्हणालीस तर आपण परत जाऊ. लोकांना काय, आईला मानवलं नाही म्हणून सांगू."

माझ्याकडे असा बघत होता, जसा लहानपणी शाळेला दांडी मारायची असली की बघायचा. तूच बाईंना सांग, आई, माझं पोट दुखतंय म्हणून.

तो शब्द माझ्या जिभेवर होता.

मी परातीत पीठ घेतलं. पाणी घातलं.

"लाकडं आण," म्हटलं. "पाहुणे निघाले असतील."

त्याने मग फोनवरचा हात काढला आणि म्हणाला, "हो, करा पुढे. काय आहे, आईचं मन इथेच रमलंय."

उठून मागे गेला, लाकडं घेऊन आला. ओली होती.