बाबांनी न केलेली सही

नागपूरच्या एअरपोर्टवर बाकीचे आईवडील मुलांच्या बॅगेत लाडू कोंबत होते आणि माझे बाबा माझं ऑफर लेटर वाचत होते. चष्मा नाकावर, बोट ओळीखाली, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. तीस वर्षं पोलिसात काढलेले रिटायर्ड हवालदार ते. कागद परत देताना एवढंच म्हणाले, "वाचल्याबिगर सही करू नको, बाई." मला रागच आला. आमच्या घरात सहीवरून आधीच पुष्कळ रामायण झालं होतं.

मी सहावीत असताना बाबांच्या साहेबांनी एका निर्दोष माणसाला चोरीत अडकवायचं ठरवलं होतं. खोटा पंचनामा तयार होता, फक्त बाबांची सही राहिली होती. त्यांनी ती केली नाही. मग बदली, पुन्हा बदली, पुन्हा बदली. दहावीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. ट्रंका उघडतो न उघडतो तोच बांधायची वेळ यायची, आणि मैत्रिणी तर जमायच्याच नाहीत. एक सही केली असती तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते पट्ट्याचं बक्कल घासत राहिले.

अमेरिकेत रेडमंडला आले तेव्हा वाटलं, सुटले बाप्पा. इथे बारा वर्षं एकच पत्ता आहे माझा. शेजारी मार्थाआजी राहतात, नव्वदी ओलांडलेल्या, मूळच्या ऑस्ट्रियाच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी जर्दाळूचा केक आणला. रिकामी बशी परत द्यायची नाही ही आईची शिकवण, म्हणून मी चिवडा भरून घेऊन गेले. हॉलमध्ये त्यांच्या वडिलांचा फोटो होता, युनिफॉर्ममधला. ऑस्ट्रिया, तो काळ, तो युनिफॉर्म! हा नाझीच असणार, असा मी मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले. त्यांची दुसरी बशी आली, ती तीन महिने माझ्या ओट्यावर पडून राहिली. भरून द्यावीशी वाटेना आणि रिकामी देववेना.

मग डिसेंबरच्या वादळात आमच्या गल्लीतली लाइट गेली. माझं घर गारठलं. दुपारी मार्थाआजी काठी टेकत आल्या आणि मला त्यांच्या लाकडाच्या शेगडीपाशी घेऊन गेल्या. मला इतकी लाज वाटली की मी त्या फोटोकडे बोट दाखवून सरळ विचारूनच टाकलं, हे कोण?

त्यांनी सांगितलं. वडील गावातले पोलीस अधिकारी. नाझी आले आणि त्यांनी ज्यांना पकडायचं त्यांची यादी मागितली. वडिलांनी ती दिली नाही. त्यांच्याच हाताखालच्या माणसांनी त्यांना उचलून छावणीत टाकलं. परत आले ते दात गमावून, एका कानाने बहिरे होऊन. लढाई संपल्यावरही गावातले लोक त्यांना गद्दार म्हणायचे आणि रस्ता बदलायचे. शेवटी सगळं कुटुंब इकडे आलं.

"मी पण चिडले होते त्यांच्यावर," आजी म्हणाल्या. "ज्या घरांतली नावं त्यांनी दिली नाहीत, त्यातल्या एका घरातली नात मला भेटायला आली, तोपर्यंत."

मी रडले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी बशीत शंकरपाळे भरून गेले आणि तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा बनियनवर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं आणि आजींनी फोटो कॅमेऱ्यापुढे धरला. बाबा म्हणाले, "थांब." पाच मिनिटांनी इस्त्रीचा शर्ट घालून आले, उभे राहिले आणि फोटोला कडक सॅल्यूट केला.

"बाबा, तुम्ही सही केली नाही ते बरं केलं," मी म्हणाले. एवढं म्हणायला मला पंचवीस वर्षं लागली.

ते म्हणाले, "तुझ्या शाळेचं मात्र वाईट वाटायचं."

तुम्ही सगळी नागपूरची मंडळी फोनवर विचारता, आता घर कुठलं, नागपूर की रेडमंड? माझ्या बाबांनी वाकडी सही केली नाही, म्हणून मी कुठेही ताठ मानेने राहू शकते. ती ताठ मान हेच माझं घर. बाबांचा युनिफॉर्ममधला फोटो परवाच हॉलमध्ये लावला. आता कोणीतरी "हे कोण?" असं विचारायचीच वाट बघते आहे.